तोतरेपणा व अपेक्षा

काय बोलावयाचे ते बोलणाऱ्यास नेमके ठाऊक असूनही उच्चाराच्या क्षणी ध्वनीची वा अक्षराची पुनरावृत्ती होणे, ध्वनी लांबणे किंवा वाट अडल्याप्रमाणे उच्चार मुळीच न फुटणे, या वाचादोषास तोतरेपणा म्हणतात. लोकव्यवहारात त्यासाठी चाचरणे, अडखळणे, ‘त-त-प-प होणे’ असे शब्दप्रयोग रूढ आहेत. बोबडेपणा त्याहून वेगळा होय. त्यात ध्वनींचा उच्चार सदोष असतो, परंतु बोलण्याचा प्रवाह खंडित होत नाही. तोतरेपणाचा प्रारंभ बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात, मूल वाक्ये जुळवू लागते त्या सुमारास होतो. सु. ५ टक्के मुलांत तो केव्हा ना केव्हा दिसतो, त्यांपैकी सु. तीन-चतुर्थांश मुले पुढे त्यातून आपोआप मुक्त होतात. प्रौढांत त्याचे प्रमाण सु. १ टक्का असून पुरुषांत ते स्त्रियांच्या सु. चौपट आढळते.

या दोषाचे एक वैशिष्ट्य निरीक्षकांना सतत चकवीत आले आहे. ते म्हणजे त्याची अस्थिरता. गाताना, इतरांबरोबर एका सुरात म्हणताना, पाळीव जनावराशी वा तान्ह्या मुलाशी बोलताना तो जवळजवळ नाहीसा होतो. तर वरिष्ठांसमोर, दूरध्वनीवर, मुलाखतीत आणि विशेषतः स्वतःचे नाव सांगताना तो बळावतो. इतर शब्दांना पर्यायी शब्द योजून वेळ मारून नेता येते, नावाला पर्याय नसतो. आरतीत मोकळ्या गळ्याने म्हणणाऱ्या मुलाला शाळेत नाव विचारले असता ते उच्चारता येऊ नये, यावरून दोष केवळ जिभेत वा कंठात नाही एवढे उघड होते. मग तो कोठे आहे, या प्रश्नाच्या उत्तरांत बोलणाऱ्याच्या अपेक्षांना फार मोठे स्थान मिळाले. त्या विचाराचा उदय, त्यातून झालेली हानी व त्यातून निघालेल्या उपचारपद्धती यांचा आढावा येथे घेतला आहे.

‘अपेक्षा’ हा शब्द या संदर्भात दोन अर्थांनी येतो आणि त्यांच्या गल्लतीमुळे पुष्कळ घोटाळा झालेला आहे. एका अर्थी अपेक्षा म्हणजे पूर्वाशंका : पुढील वाक्यातील अमुक एक शब्द आपल्याला अडणार, ही आगाऊ जाणीव. दुसऱ्या अर्थी ती स्वतःकडून केलेली मागणी होय : आपण न अडखळता, इतरांसारखे, किंबहुना इतरांहून अधिक सफाईने बोललेच पाहिजे, हा आग्रह. पहिली भीती आहे, दुसरा आदर्श आहे. परंतु आदर्श जितका कडक तितकी भीती तीव्र होते. घरातील वडीलधारी माणसे, शिक्षक व समाज यांच्या अपेक्षा यथावकाश दुसऱ्या प्रकारात मिसळून जातात व पुढे त्या स्वतःच्याच वाटू लागतात.

पूर्वपीठिका : प्राचीन वैद्यकाने तोतरेपणाचे मूळ शरीरात शोधले. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कफयुक्त वायूने शब्दवाहिनी धमन्यांचा अवरोध केल्यामुळे माणूस मूक, मिन्मिण (नाकात बोलणारा) वा गद्गद (अडखळत बोलणारा) होतो असे सांगितले आहे. ग्रीक परंपरेत जिभेच्या दौर्बल्याचा विचार प्रमुख होता. अथेन्सचा वक्ता डिमॉस्थिनीझ (इ. स. पू. ३८४–३२२) याने तोंडात खडे धरून बोलण्याचा सराव केला, ही प्लूटार्कने नोंदविलेली आख्यायिका सर्वपरिचित आहे. तिचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो. चिकाटी दाखविली की तोतरा मनुष्य केवळ बरा होतो एवढेच नव्हे, तर महान वक्ता होतो, अशी एक अवाजवी अपेक्षा तिने पिढ्यानुपिढ्या पोसली, हे मात्र खरे. महाराष्ट्रात मुलाच्या जिभेला वेखंड उगाळून लावण्याची चाल होती. जिभेखालचा पडदा कापला म्हणजे बोलणे सुटेल, ही समजूतही पुष्कळ ठिकाणी आढळते.

शरीरवादाचे टोक जर्मनीत गाठले गेले. बर्लिन येथील शल्यचिकित्सक योहान डीफेनबाख याने १८४१ मध्ये जिभेच्या मुळाशी छेद घेऊन तोतरेपणा बरा करण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ईथरच्या साहाय्याने बधिरीकरण करण्याची पद्धत प्रचारात येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे रुग्णांनी काय सोसले असेल याची कल्पना येते. अन्य देशांतील शल्यचिकित्सकांनी तिचे अनुकरण केले व आरंभी यशाच्या वार्ताही आल्या. ते यश टिकले नाही. थोड्याच काळात ही शस्त्रक्रिया मागे पडली. नव्या उपायावर दृढ विश्वास बसला की तोतरेपणा काही दिवस ओसरतो आणि विश्वास विरला की परततो, हा प्रकार त्यानंतरही वारंवार घडलेला आहे. ताल धरून, हात हलवून वा खोल श्वास घेऊन बोलावयास शिकविणाऱ्या व हमखास गुणाची जाहिरात करणाऱ्या ज्या खाजगी संस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व त्यानंतर यूरोप-अमेरिकेत निघाल्या, त्यांच्या यशाचे रहस्यही बव्हंशी यातच होते. घरी परतलेला विद्यार्थी पुन्हा अडखळू लागला की दोष पद्धतीकडे न जाता त्याच्या इच्छाशक्तीकडे जाई.

अपेक्षेचा स्पष्ट उल्लेख करणाऱ्या आरंभीच्या लेखकांत इंग्रज वैद्य इरॅझ्मस डार्विन (१७३१–१८०२) याची गणना करावी लागेल. चार्ल्स डार्विनचा हा आजोबा स्वतः तोतरा होता. झूनोमिया (१७९४–९६) या ग्रंथात त्याने असे प्रतिपादिले, की वागिंद्रियांच्या हालचालींची सवयीने जुळलेली साखळी धाक, लाज, चमकण्याची महत्त्वाकांक्षा किंवा अपयशाची भीती यांमुळे मध्येच तुटते. अपयशाच्या भीतीशेजारीच चमकण्याच्या हौसेचा उल्लेख करण्यात त्याची सूक्ष्म दृष्टी दिसते. पूर्वाशंका व आत्मादर्श या वर सांगितलेल्या दोन्ही अंगांचा निर्देश त्यात आलेला आहे. परंतु त्याच्या या सूचनेचा पाठपुरावा पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे फारसा झाला नाही.

आयोवातील संशोधन : या विषयाचा प्रायोगिक अभ्यास अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९२० नंतर सुरू झाला. तेथील सॅम्युएल ऑर्टन व ली एडवर्ड ट्रॅव्हिस यांचे मत असे होते, की मेंदूच्या दोन अर्धांपैकी एकाचे वर्चस्व नीट प्रस्थापित न झाल्याने वाणीच्या स्नायूंचे नियमन बिघडते. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची सक्ती केल्यास तोतरेपणा येतो, हा त्याचाच एक उपसिद्धांत होता. तेथे आलेल्या अनेक तरुण संशोधकांना स्वतःलाच हा दोष होता. त्यांतील वेंडेल जॉन्सन (१९०६–६५) हा कॅन्ससमधील शेतकऱ्याचा मुलगा १९२६ मध्ये आयोवात आला. डाव्या हाताचा वापर वाढावा म्हणून त्याने उजवा हात प्लॅस्टरमध्ये बांधून घेतला, डाव्या हाताने खेळण्या-लिहिण्याचा दीर्घकाळ सराव केला. तोतरेपणा होता तसाच राहिला. स्वतःवरील या निष्फळ प्रयोगानंतर त्याचे लक्ष मेंदूकडून बोलणाऱ्याच्या समजुतींकडे वळले.

जॉन्सन व त्याचे सहकारी यांनी १९३७ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालेत पूर्वाशंकेचे प्रथमच मोजमाप झाले. प्रयोगाची रीत साधी होती. तोतऱ्या व्यक्तीला एक उतारा आधी मनात वाचावयास देऊन जे शब्द अडतील असे वाटते त्यांवर खुणा करावयास सांगत व नंतर तोच उतारा मोठ्याने वाचून घेत. खुणा केलेल्या शब्दांवर अडखळण्याचे प्रमाण इतर शब्दांपेक्षा फार मोठे आढळले. दुसऱ्या एका प्रयोगात अडतीलसे वाटणारे शब्द वाचकाने सरळ गाळावेत अशी मुभा दिली, तेव्हा उरलेल्या वाचनातील तोतरेपणा बहुतांशी नाहीसा झाला. तिसऱ्यात, आधी अडलेले शब्द शाईने पूर्ण झाकून टाकले असता त्यांच्या लगतचे शब्द अडू लागले. जणू झाकलेली जागाच धोक्याची खूण बनली. तोच उतारा पुनःपुन्हा वाचला की अडखळणे घटत जाते व पाचव्या वाचनापर्यंत ते सरासरीने निम्म्यावर येते, हेही दिसून आले. मात्र भाकीत पूर्णतः बिनचूक कधीच नव्हते. खुणा केलेले काही शब्द सहज उच्चारले जात व ज्यांची शंकाही नव्हती असे काही अडत. या मर्यादेकडे त्या काळी व्हावे तितके लक्ष गेले नाही.

या निष्कर्षांवरून जॉन्सनने तोतरेपणाची व्याख्याच बदलली. त्याच्या मते तोतरेपणा म्हणजे अडखळणे टाळण्यासाठी केलेली शंकाग्रस्त व ताणयुक्त धडपड होय. अडण्याच्या भीतीने ओठ घट्ट होतात, श्वास रोखला जातो, जीभ टाळूस दाबली जाते आणि ही तयारीच उच्चार अशक्य करते. पाय घसरू नये म्हणून पावलागणिक जमिनीकडे पाहत चालणाऱ्याची चाल जशी बिघडते, तसाच हा प्रकार होय.

आल्फ्रेड कॉर्झिब्स्की (१८७९–१९५०) याच्या सामान्य अर्थविज्ञानाचा जॉन्सनवर मोठा प्रभाव होता. शब्द म्हणजे वस्तू नव्हे, हे त्यातील मुख्य सूत्र. त्याला अनुसरून पीपल इन क्वांडरीज (१९४६) या ग्रंथात जॉन्सनने आदर्श, वैफल्य व मनोधैर्यनाश अशा तीन पायऱ्यांनी बनलेल्या एका मनोविकाराचे वर्णन केले. आदर्श उंच असतो म्हणून बाधत नाही. तो उंच असून संदिग्ध असतो व त्याच्या पूर्ततेवर सर्व काही पणाला लावलेले असते, म्हणून तो बाधतो. ‘चांगले बोलता आले पाहिजे’ या आदर्शात ‘चांगले’ म्हणजे काय हे कधीच ठरलेले नसते. म्हणून कितीही चांगले बोलले तरी समाधान नाही आणि एक शब्द अडला की सर्वच फसल्याची भावना होते. सर्वसामान्य माणसाचे बोलणेही ‘म्हणजे’, ‘अं’, शब्दांची द्विरुक्ती व अपुरी वाक्ये यांनी भरलेले असते, याकडे जॉन्सन पुनःपुन्हा लक्ष वेधी. तोतरा मनुष्य ज्या अखंड वाणीची स्वतःकडून अपेक्षा करतो, ती प्रत्यक्षात कोणापाशीच नसते. जॉन्सनच्या एकंदर कार्यात हा भाग सर्वांत टिकाऊ ठरला, असे म्हणावयास हरकत नाही.

निदानजन्य उपपत्ती व डेव्हनपोर्ट येथील प्रयोग : त्याच्या दुसऱ्या सिद्धांताबद्दल तसे म्हणता येत नाही. लहान मुलांच्या बोलण्यात स्वाभाविकपणेच पुनरावृत्ती असते. अतिदक्ष मातापिता तिला ‘तोतरेपणा’ हे नाव देतात, ‘सावकाश बोल’, ‘नीट बोल’ असे टोकू लागतात, मूल स्वतःच्या बोलण्याविषयी सावध होते आणि त्यातून खरा तोतरेपणा जन्मतो. अर्थात रोग मुलाच्या मुखात नसून पालकांच्या कानात सुरू होतो, अशी ही निदानजन्य उपपत्ती होती. तिच्या पुष्ट्यर्थ आयडाहो राज्यातील बॅनॉक व शोशोनी या आदिवासी जमातींचा दाखला देण्यात आला. त्यांच्या भाषेत तोतरेपणाला शब्द नाही, मुलांच्या बोलण्याविषयी त्यांच्यात आग्रह नाही व म्हणून त्यांच्यात तोतरे लोकही नाहीत, असे १९४४ व १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखांत म्हटले होते. हा दाखला अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत या जमातींत तोतरेपणासाठी एक नव्हे, अनेक शब्द असल्याचे व तोतरे लोकही असल्याचे आढळून आले. परक्या भाषेत शब्द सापडला नाही म्हणून वस्तूच नाही, असे अनुमान शब्द व वस्तू यांतील भेदावर भर देणाऱ्या विचारसंप्रदायाने काढावे, हा मोठाच विरोधाभास होय.

याहून गंभीर प्रकरण १९३९ सालचे आहे. जॉन्सनच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या पदव्युत्तर विद्यार्थिनीने आयोवातील डेव्हनपोर्ट येथील अनाथालयातील २२ मुलांवर जानेवारी ते मे या काळात एक प्रयोग केला. त्यांपैकी १० मुले अनाथालयात आधीच तोतरी समजली जात होती. उरलेली १२ ठीक बोलणारी होती. या बारांपैकी सहा मुलांना, तुमच्या बोलण्यात तोतरेपणाची चिन्हे दिसत आहेत, ती ताबडतोब थांबविली पाहिजेत, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका, अशा आशयाच्या सूचना वारंवार देण्यात आल्या. शिक्षक व व्यवस्थापक यांनाही त्यांच्यावर लक्ष ठेवण्यास सांगण्यात आले. आपण कोणत्या प्रयोगात आहोत हे मुलांना माहीत नव्हते आणि त्यांच्या वतीने विचारणारेही कोणी नव्हते. ही मुले हळूहळू अबोल झाली, एकेका शब्दात उत्तरे देऊ लागली, बोलताना तोंड हाताने झाकू लागली, वर्गात उत्तर देण्याचे टाळू लागली. परिणाम पाहून ट्यूडर पुढे काही वेळा अनाथालयात परत गेली व त्यांची समजूत घालण्याचा तिने प्रयत्न केला. परंतु झालेली हानी भरून निघाली नाही. हा प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिला आणि जॉन्सनने तो कधीच प्रसिद्ध केला नाही. २००१ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राने हे प्रकरण उजेडात आणले, तेव्हा विद्यापीठाने जाहीर क्षमायाचना केली. हयात असलेल्या व मृत झालेल्या अशा सहा जणांच्या वतीने दाखल झालेल्या दाव्यात आयोवा राज्याने २००७ मध्ये ९,२५,००० डॉलरची भरपाई मान्य केली.

या प्रयोगाने नेमके काय सिद्ध झाले, याविषयी गैरसमज रूढ आहे. मुलांना तोतरे म्हटल्याने ती तोतरी झाली, असे सामान्यतः सांगण्यात येते. २००२ मध्ये निकोलिन अँब्रोज व एहुद यायरी यांनी प्रबंधातील मूळ आकडेवारी पुन्हा तपासली असता, मुलांचे अडखळणे लक्षणीय वाढल्याचा पुरावा तीत सापडला नाही. वाढला तो संकोच, बोलण्याची धास्ती व मौन. तोतरेपणाच्या दृश्य लक्षणांवाचून त्याचे सर्व मानसिक ओझे त्या मुलांवर पडले. अपेक्षा तोतरेपणा निर्माण करते काय, या प्रश्नाचे उत्तर त्यातून नकारार्थी निघते. पण अपेक्षा माणसाचे बोलणे हिरावून घेऊ शकते, हे मात्र त्यातून दिसते.

निदानजन्य उपपत्तीचा दुसरा परिणाम म्हणजे मातापित्यांवर, विशेषतः मातांवर, आलेले अपराधाचे ओझे. ती प्रचलित असेपर्यंत मुलाच्या दोषाचा उल्लेखही त्याच्यासमोर करू नये, असा सल्ला तज्ज्ञ देत. परिणामी अनेक घरांत या विषयाभोवती मौन पसरले व मुलाने त्याचा अर्थ ‘ही उच्चारूही नये अशी लाजिरवाणी गोष्ट आहे’ असा घेतला. १९८० नंतर सिडनी येथे विकसित झालेल्या लिडकोम पद्धतीत पालक मुलाच्या सुरळीत बोलण्याचे कौतुक करतात व अडखळल्यावर प्रसंगी शांतपणे तसे सांगतातही. त्याने मुलांची स्थिती बिघडण्याऐवजी सुधारते असे आढळले. जॉन्सनची उपपत्ती खरी असती तर याच्या उलट घडावयास हवे होते. पालकांच्या दर्जाविषयक अपेक्षा किंचित अधिक असतात, असे आयोवातील पाहणीत आढळले होते. परंतु तो फरक अल्प होता.

अपेक्षात्यागाच्या पद्धती : उपचारातील महत्त्वाचे वळण आयोवातच शिकलेल्या चार्ल्स व्हॅन रायपर (१९०५–९४) याच्याशी निगडित आहे. तरुणपणी त्याचा तोतरेपणा अत्यंत तीव्र होता. त्याने स्वतः सांगितलेल्या आठवणीनुसार, रस्त्याने जाणाऱ्या एका वृद्धाने त्याला आपल्या मोटारीत घेतले; त्याचे अडखळणे पाहून तो वृद्ध हसला. व्हॅन रायपर चिडला, तेव्हा त्या वृद्धाने खुलासा केला, की आपणही पूर्वी असेच झगडत होतो, आता झगडण्याइतके त्राण उरले नाही, म्हणून शब्द जसे येतील तसे येऊ देतो. व्हॅन रायपरने यावरून असे ठरविले, की न अडखळण्याचे ध्येय सोडून सुलभपणे अडखळण्याचे ध्येय धरावे. १९३६ मध्ये त्याने मिशिगनमधील कॅलमझू येथे वाक्चिकित्सालय सुरू केले व पुढील काही दशकांत आपली पद्धती सिद्ध केली. तीत रुग्ण प्रथम आपल्या अडखळण्याचे तपशीलवार निरीक्षण करतो. नंतर ज्या प्रसंगांना तो भितो त्यांना क्रमाक्रमाने सामोरा जाऊन त्याची संवेदनशीलता बोथट होते. शेवटी अडलेला शब्द ताण सैल करून पुन्हा उच्चारणे, अडण्याच्या मध्यातच सुटणे व अडण्यापूर्वीच सैल सुरुवात करणे, ही तीन कौशल्ये तो शिकतो. पूर्वाशंका नाहीशी करण्याऐवजी तिचाच इशारा म्हणून उपयोग करणे, ही यातील विशेष गोष्ट होय.

मिनेसोटात ब्रिंग ब्रिंगेलसन याने ऐच्छिक तोतरेपणाचा पुरस्कार केला. रुग्णाने बाजारात, दुकानात, अनोळखी माणसांसमोर मुद्दाम अडखळावे, असा हा उपाय होता. त्याला सैद्धांतिक आधार नाइट डनलॅप याच्या विरोधी सरावाच्या कल्पनेत होता : नको असलेली सवय जाणूनबुजून केली की तिच्यावर ताबा येतो. व्हिएन्ना येथील मानसोपचारज्ञ व्हिक्टर फ्रांक्ल (१९०५–९७) याने हेच तत्त्व ‘विपरीत संकल्प’ या नावाने मांडले. त्याने दिलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एका तीव्र तोतऱ्या गृहस्थाला आयुष्यात एकदाच सुरळीत बोलता आले होते. बारा वर्षांचा असताना तो तिकिटाविना ट्राममधून जाताना पकडला गेला. आपण गरीब तोतरा मुलगा आहोत असे पाहून वाहकाला दया येईल, या आशेने तो अडखळू पाहू लागला, तो काही केल्या त्याला अडखळता येईना. अडखळणे हेच ध्येय झाले, त्या क्षणी न अडखळण्याची अपेक्षा संपली होती. मात्र प्रत्येकाला हा उपाय सारखाच लागू पडत नाही. मुद्दाम केलेले अडखळणे पुष्कळांच्या बाबतीत मध्येच खरे होते व त्यासाठी चिकित्सकाचे सान्निध्य आवश्यक ठरते.

लॉस अँजेल्स येथील जोसेफ शीहन (१९१८–८३) याने १९५३ मध्ये तोतरेपणाला बोलण्याची ओढ व बोलणे टाळण्याची ओढ यांतील संघर्ष मानले. दोन्ही ओढी समबल झाल्या की माणूस शब्दाच्या उंबरठ्यावर थबकतो. तोतरेपणाला त्याने हिमनगाची उपमा दिली : दिसणारे अडखळणे हे पाण्यावरचे लहानसे टोक, भीती, शरम, अपराधभाव, दोष लपविण्याच्या युक्त्या हा पाण्याखालचा प्रचंड भाग. शब्द बदलणे, खोकल्याचे निमित्त करणे, नाव विसरल्याचे सोंग करणे, प्रश्नाचे उत्तर येत असून ‘येत नाही’ म्हणणे, अशा युक्त्यांनी वरचे टोक लहान होते आणि खालचा भाग वाढतो. बाह्यतः मुळीच न अडखळणारा मनुष्य या अर्थी सर्वांत तीव्र तोतरा असू शकतो.

शीहनचे आणखी एक निरीक्षण अपेक्षांच्या दृष्टीने मोलाचे आहे. तोतरेपणा गेला तर आपण असामान्य कर्तृत्व गाजवू, अशी समजूत अनेक रुग्ण मनात बाळगतात. आपण साखळदंडात जखडलेला राक्षसी बळाचा पुरुष आहोत, साखळी तेवढी तुटावयाची आहे. या समजुतीत जगणारा शिक्षण, नोकरी, विवाह सर्व काही ‘बरे झाल्यावर’ या मुहूर्तावर ढकलीत राहतो. बोलणे खरोखरच सुधारते तेव्हा सामान्यत्वाला तोंड देण्याची पाळी येते आणि कित्येकदा नेमक्या याच टप्प्यावर दोष उलटतो. म्हणून शीहनच्या मते उपचाराचा अर्धा भाग हा स्वतःविषयीची नवी भूमिका स्वीकारण्याचा असतो.

१९६० नंतर वर्तनवादी चिकित्सकांनी मनोभूमिकेची ही सर्व चर्चा बाजूस ठेवून संथ, लांबविलेल्या व मृदू उच्चाराचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. [⟶ वर्तनचिकित्सा]. चिकित्सालयात याचे परिणाम अनेकदा थोड्या आठवड्यांत दिसतात. परंतु बाहेरच्या जगात ते टिकविणे कठीण जाते व दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण मोठे आहे. त्याची कारणे अनेक आहेत. शिकलेले तंत्र चुकता कामा नये, ही जुन्या अपेक्षेच्या जागी आलेली नवी अपेक्षा, हे त्यांपैकी एक होय. अलीकडच्या काळात दोन्ही पंथांचा मेळ घालण्याकडे कल असून विचारांची छाननी करणारी बोधनिक चिकित्सा व भीती नाहीशी होण्याची वाट न पाहता इष्ट ते कृत्य करावयास शिकविणारी स्वीकृतिप्रधान चिकित्सा यांचीही त्यांस जोड मिळाली आहे. ‘मी तोतरा आहे, थोडा वेळ लागेल’ असे बोलण्याच्या आरंभीच सांगून टाकणे, हा त्यांतील सर्वांत साधा उपाय. लपविण्यासारखे काही उरले नाही की बराचसा ताण ओसरतो. तसेच ‘न अडखळता बोलेन’ याऐवजी ‘ठरवलेला मुद्दा बदलणार नाही, शब्द टाळणार नाही’ असे स्वतःच्या हाती असलेले लक्ष्य ठरविण्यास सांगतात.

आधुनिक दृष्टिकोन : १९९० नंतरच्या मेंदूचित्रणात तोतऱ्या व्यक्तींच्या उजव्या मेंदूगोलार्धाची बोलतानाची अतिरिक्त सक्रियता व डाव्या गोलार्धातील जोडणीतंतूंतील भेद आढळून आले. एका बीजापासून झालेल्या जुळ्यांत दोघांनाही हा दोष असण्याचे प्रमाण इतर जुळ्यांपेक्षा जास्त असते. पाकिस्तानातील कुटुंबांच्या अभ्यासातून निघालेल्या संशोधनात २०१० मध्ये काही जनुकांतील उत्परिवर्तनांचा तोतरेपणाशी संबंध दाखविण्यात आला. त्यामुळे ऑर्टन व ट्रॅव्हिस यांचा मेंदूविषयक तर्क तपशिलात नव्हे, तरी दिशेने बरोबर होता, असे आज दिसते. अपेक्षा हे तोतरेपणाचे मूळ कारण नव्हे. तो कधी, कोठे, किती तीव्रतेने प्रकट होईल व माणसाचे आयुष्य किती व्यापील, हे ठरण्यात मात्र तिचा वाटा मोठा आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २४ प्रौढांना, आपले बोलणे कोणी ऐकत नाही अशी खरोखर खात्री वाटेल अशा स्थितीत बोलते केले असता त्यांच्यात तोतरेपणा जवळजवळ आढळलाच नाही. श्रोता असणे व त्या श्रोत्याच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज बांधणे, हा या दोषाच्या यंत्रणेचाच भाग असल्याचे त्यावरून दिसते.

स्वमदत गटांची चळवळ अमेरिकेत व ब्रिटनमध्ये १९७० नंतरच्या दशकात फोफावली. २२ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय तोतरेपणा जागृतिदिन १९९८ पासून पाळण्यात येतो. या गटांत अडखळण्यास पूर्ण मुभा असते व कोणी कोणाचे वाक्य पुरे करीत नाही. भारतात वाक्चिकित्सेचे उच्च शिक्षण म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत व मुंबईच्या काही संस्थांत दीर्घकाळ दिले जात आहे आणि २००८ पासून ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ ही स्वमदत संघटना कार्यरत आहे. तथापि वाक्चिकित्सक मुख्यतः मोठ्या शहरांत आढळतात. तालुक्याच्या ठिकाणी पालकांना अजूनही जिभेखालचा पडदा कापण्याचा वा सुपारी तोंडात धरण्याचाच सल्ला मिळतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमात वाणी व भाषाविषयक दिव्यांगत्व समाविष्ट आहे. परंतु त्याची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकणे, वाचाघात यांसारख्या अवस्थांतून येणाऱ्या कायमच्या दोषांना अनुसरून केलेली असून तीत तोतरेपणाचा नामनिर्देश नाही. त्यामुळे तोंडी परीक्षेत वा नोकरीच्या मुलाखतीत अधिक वेळ मिळणे हे परीक्षकाच्या समजूतदारपणावर अवलंबून राहते.